तळघरात दिवा कोण लावतं?

इर्माचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नसे. बेकरीतून आणलेला पाव ती हातावर तोलून बघे. लोणी आधी नाकाशी जाई, मग पावावर. चुलीवर सूप ठेवून बाहेर जावं लागलं, तर झाकणाची मूठ भिंतीकडे वळवून जाई, म्हणजे कोणी उचललं तर कळावं. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा सिरील. तरीही. अंगणाच्या फाटकाचा खांब त्या हिवाळ्यात दोनदा खरवडला गेला, तेव्हा दूधवाल्याच्याच गाडीनं, असं धरून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. सिरील या सगळ्याला हसायचा. “आमच्याकडे कुत्रा पाळायची गरज पडली नाही,” असं तो गावभर सांगे.

लवेन आणि मेखेलन या शहरांच्या मधल्या त्या सपाट मुलखात घरोघरी विटलोफ नावाची भाजी पिकवतात. उन्हाळ्यात मळ्यात मुळं पोसायची, थंडी पडायच्या आत उपटून पाला छाटायचा, आणि तळघरात मातीच्या खोक्यांत ती एकमेकांना खेटून उभी करायची. वरून जाड काळं कापड. मग त्या गडद अंधारात मुळांना पांढरेशुभ्र, घट्ट मिटलेले कोंब फुटतात. उजेड लागला की संपलं. शेंडे हिरवे पडतात, पानं सुटतात आणि कोंब असा कडू होतो की डुक्करही तोंड वळवेल. म्हणून हिवाळाभर तळघरात दिवा लावायचा नाही. जे करायचं ते चाचपडत.

इर्मा शहरातली पोर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती मेणबत्ती घेऊन खाली उतरली होती, तर सासूनं असा आरडाओरडा केला की शेजारी धावत आले. सिरीलनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली, अंधारात तिचा हात धरला आणि एकेका कोंबावरून फिरवला. हा तयार, हा अजून कोवळा, हा उद्या. त्या दिवसापासून उजेडाबाबत ती सासूपेक्षाही कडक झाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं जेवणासाठी कोंब काढून आणले. बुडखा शंकूसारखा कोरून काढायचा, कोंब लोण्यात परतायचे, हॅमच्या कापात गुंडाळायचे, वर चीजचा सॉस, की सगळं भट्टीत. पहिलाच कोंब तिनं खिडकीशी धरला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. शेंडा हिरवट होता. दुसराही. तिसऱ्याची पानं तर चक्क उमलायला लागली होती.

“सिरील! हे बघ.”

त्यानं कोंब हातात घेतला, उलटासुलटा केला, अंगठ्यानं दाबला. “काय झालं? छान घट्ट आहे.”

“शेंडा बघ ना. हिरवा झालाय.”

“कुठे हिरवा? पांढराफटक तर आहे.”

इर्मा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सबंध गावात विटलोफ ओळखण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, तो माणूस हिरव्याला पांढरं म्हणत होता. म्हणजे तो कोणाला तरी पाठीशी घालत होता. आणि सिरील पाठीशी घालेल असं माणूस जगात एकच होतं.

लेओंतीन ही सिरीलची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून अंगणापलीकडच्या लहान घरात एकटीच राहायची. तळघराच्या दाराची दुसरी किल्ली तिच्याकडे होती, कारण तिच्या शेंगांच्या बरण्या तिथल्या फळीवर असत. आणि चर्चच्या वार्षिक जेवणावळीचं विटलोफ आजवर तिच्या हातचं असायचं. यंदा मंडळींनी ते काम इर्माला दिलं होतं. लेओंतीन तेव्हा “बरं झालं, माझे गुडघे दुखतात,” एवढंच म्हणाली होती. इर्माला ते तेव्हाच खटकलं होतं. इतक्या सहजासहजी कोणी काही सोडतं का?

त्या दुपारी लेओंतीन नेहमीसारखी जेवायला आली. एक घास घेऊन तिनं काटा खाली ठेवला.

“कडू लागतंय गं.”

“लागणारच. उजेड लागलाय.”

“अगंबाई. कसा काय?”

“तेच मीही विचारतेय,” इर्मा म्हणाली आणि तिच्या चेहऱ्याकडे रोखून बघत राहिली. लेओंतीननं सिरीलकडे बघितलं, सिरीलनं ताटात. इर्माला आणखी काय पुरावा हवा होता!

दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या कापडाचं टोक खोक्याच्या खिळ्याला शिवणाच्या दोऱ्यानं बांधून ठेवलं. संध्याकाळी हातानं चाचपून बघितलं, तर दोरा तुटलेला. ती तशीच अंगण ओलांडून गेली.

“किल्ली दे.”

“कसली?”

“तळघराची. तुझ्या बरण्या मी आणून देईन. जेवणावळीत माझी फजिती व्हावी म्हणून चाललंय ना हे सगळं? सरळ सांगायचं होतंस, मला करायचंय म्हणून.”

लेओंतीन फटकळ बाई, एकाला दोन ऐकवणारी. पण ती काहीच बोलली नाही. खुंटीवरची किल्ली काढून तिनं इर्माच्या हातावर ठेवली. गप्प बसली म्हणजे अपराधीच, असं इर्मानं मनात पक्कं केलं. “आणि रविवारी येऊ नकोस,” असं जाता जाता ती म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही. शहरातून आलेल्या या पोरीशी गावात पहिल्यांदा कोणी हसून बोललं असेल, तर ती लेओंतीन. दोघींनी मिळून एवढ्या वर्षांत किती बरण्या भरल्या, किती बटाटे सोलले आणि गावातल्या किती जणांची उणीदुणी काढली! ते सगळं आता संपलं होतं, आणि त्याचा तिला राग येत होता. तो रागही तिनं लेओंतीनच्याच नावावर टाकला.

किल्ली खिशात असूनही दुसऱ्या दिवशी दोरा तुटला. तिसऱ्या दिवशीही.

“हिनं आणखी एक किल्ली करून घेतलीय,” इर्मा जेवताना म्हणाली.

“सोडून दे गं,” सिरील म्हणाला. “दोनचार कोंब हिरवे झाले तर काय बिघडलं?”

“रविवारी तर म्हणालास पांढरे आहेत.”

“तू म्हणतेस हिरवे, म्हणून म्हटलं.”

आता मात्र चोराला रंगेहाथ पकडल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. जेवण झाल्यावर रोजच्यासारखा सिरील कोंबड्यांकडे गेला. इर्मानं “बेकरीत जाऊन येते” असं मोठ्यानं सांगितलं, फाटक वाजवलं आणि परत फिरून ती गुपचूप तळघरात उतरली. अंधारात बटाट्याच्या पोत्यावर बसून लेओंतीनला काय काय ऐकवायचं ते ती ठरवत राहिली.

थोड्या वेळानं दार उघडलं. कोणीतरी पायऱ्या उतरून आलं आणि बटण दाबलं. उन्हाळ्यात बटाटे निवडायला लावलेला बल्ब लख्ख पेटला.

समोर सिरील होता.

त्यानं कापड दूर केलं, तसा दोरा तुटला. त्याला तो दिसलाच नाही. मग तो खोक्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि नाक कोंबांना टेकेपर्यंत वाकला. मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. “हा पांढरा,” तो स्वतःशीच पुटपुटला. “हा... पांढरा असेल.” इर्मा उठून उभी राहिली. त्यानं डोकं वर केलं आणि सरळ तिच्याकडे बघितलं. दोघांत हातभर अंतर, डोक्यावर बल्ब. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो पुन्हा कोंबांवर वाकला.

तिनं ठरवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

“सिरील,” ती म्हणाली.

तो दचकून मागेच बसला. “कोण? इर्मा? तू बेकरीत...”

“कधीपासून?”

“पानगळीपासून. कडेचं दिसतं. सरळ बघितलं की मधलंच गायब होतं. काळ्या मातीत पांढरं, एवढं तरी दिसतंय का, ते रोज येऊन बघतो. एक क्षण म्हणून दिवा लावतो, मग दिसेना की बसून राहतो.”

“आणि फाटकाचा खांब?”

“मीच. गाडी लावताना.”

“लेओंतीनला माहीत आहे?”

“तिनं ओळखलं. मी तिला शपथ घातली होती.”

“आणि मला का नाही सांगितलंस? मी बायको ना तुझी?”

“तुला?” सिरील कसनुसा हसला. “तू रोज माझी परीक्षा घेतली असतीस. हे दिसतं का, ते दिसतं का. खोटं बोलतोस का. तपासून तपासून आंधळं केलं असतंस मला.”

इर्मानं बल्ब बंद केला, कारण विटलोफला उजेड चालत नाही आणि आपलं तोंड त्याला कडेनंही दिसायला नको होतं. मग अंधारात त्याचा दंड शोधून तिनं त्याला उठवलं.

लेओंतीननं दार साखळी न काढता बोटभर उघडलं.

“आता काय हरवलं?”

“माझं चुकलं,” इर्मा म्हणाली.

लेओंतीननं तिला आपादमस्तक न्याहाळलं. इर्माच्या तोंडून हे शब्द तिनं कधी ऐकले नव्हते आणि त्यामागे काय डाव असेल, याचा ती अंदाज घेत होती. इतकी वर्षं लोकांकडे आपण असंच बघत आलो, हे इर्माला त्या फटीसमोर उभं राहिल्यावर कळलं, आणि तिची तिला लाज वाटली.

“त्यानं सांगितलं?”

“मी बघितलं.”

“गाडीची किल्ली काढून घेतलीस?”

“त्यानंच दिली.”

“रडला?”

“तो नाही,” इर्मा म्हणाली.

आत साखळी निघाल्याचा आवाज झाला.