न जळालेला बडग्या

साहिलला जुन्या बाजारात एक कॅसेट मिळाली. साहिल माझा मित्र. तो जुने कॉम्प्युटर आणि त्यांच्यावरचे गेम जमवतो. कॅसेटवर पेनाने 'नळ' एवढंच लिहिलेलं होतं. एका बाजूला नुसता किर्र आवाज. पूर्वी घरगुती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम अशा साध्या कॅसेटवरच साठवत, म्हणून साहिलने ती उचलली. दुसऱ्या बाजूला एक बाई कोणाला तरी शिव्या देत होती.

"ऐक," साहिल म्हणाला. "तुझ्याच मोहल्ल्यातलं वाटते."

मी ऐकलं.

"हेमराज, बैताडा! टीव्हीवर दाखवतो मले? पाईप लावला, हो, लावला! उद्याही लावीन! तू कोण विचारणारा?"

कॅसेट संपेपर्यंत बाई थांबली नाही.

नागपूरच्या टिमकीतल्या आमच्या गल्लीत हेमराज एकच. हेमराजभाऊ. साठीचे. घराणं विणकरांचं. स्वतः मात्र हिंगण्याच्या एका कारखान्यात मोटारींच्या देखभालीवर होते, आता निवृत्त. मराठी घेऊन एम.ए. झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. तो मी त्यांच्या ओट्यावर घालवतो. त्यांनी कधी गेम केला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

साहिलने तो किर्र आवाज लॅपटॉपमध्ये घेतला. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर असतं, त्यात गेम सुरू झाला. काळा पडदा. चौकोनी नळ. खाली माणसं, डोक्याच्या जागी एकेक अक्षर. नळ जाण्याआधी आपण बादली भरायची. पण मध्येच 'के' अक्षराची बाई येते, थेट नळाला पाईप लावते आणि बाकीच्यांचं पाणी बंद.

"हाताने केलेलं आहे सगळं," साहिल म्हणाला. धरमपेठेत एका कॉलेजात घरी बनवलेल्या जुन्या गेमचं प्रदर्शन होणार होतं. नागपुरात केलेला एवढा जुना गेम त्यांच्याकडे नव्हता.

मला वाटलं, आपण आनंदाची बातमी घेऊन चाललोय.

हेमराजभाऊंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुठून आणलं गा ऋषी? हे तं जळालं होतं."

मग मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. तिच्याबरोबर बडगे असतात. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल, त्याचे पुतळे. ओरडत मिरवायचे आणि शेवटी जाळून टाकायचे.

"लोक कागदाचे करत, बांबूचे करत," हेमराजभाऊ म्हणाले. "मी टीव्हीवर करत होतो."

कारखान्यातल्या एका साहेबाने बदलीच्या वेळी टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर त्यांना दिला होता. सोबत एक फाटकं पुस्तक. त्यावरून ते शिकले. मग दर मारबतीला एक गेम. एका वर्षी डास. एका वर्षी गेलेली लाईट. एका वर्षी मोकाट डुकरं. मिरवणूक पाहून आलेली गल्ली त्यांच्या बैठकीत बसून दिवसभर खेळायची. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत ते त्याच कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दाबायचे. पोरं ओरडायची, "घेऊन जा गे मारबत!" आणि गेम पुसला जायचा.

"एकही ठेवला नाही?"

"बडग्या कोणी घरात ठेवते काय?"

आम्हाला कवीची खोडलेली ओळसुद्धा जपायला शिकवलं होतं.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटे ना. म्हणून तं लगेच पुढच्या सालचा सुरू करत होतो."

"मग हा कसा राहिला?"

ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या वर्षीचा बडग्या म्हणजे समोरच्या घरातल्या कुसुमताई. सार्वजनिक नळाला पाईप लावायच्या म्हणून. गल्ली पोट धरून हसली. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "डास जाळले, डुकरं जाळली. आता मले जाळता?" हसणं थांबलं. हेमराजभाऊंनी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. "ताई, तुम्हीच पुसा. दुसरी प्रत नाही. हे पुन्हा कोणाले दिसणार नाही, माझा शब्द." दुसऱ्या दिवशी ताईंनी पुसल्याचा निरोप धाडला. हेमराजभाऊंनी त्यानंतर गेम केला नाही.

"भाऊ, तुमच्या कामाचा एवढाच पुरावा आहे," साहिल म्हणाला. "कॉलेजवाले तुमचं नाव लावतील."

ते पडद्याकडे पाहत राहिले. बोटं आपोआप कळांवर गेली. बादली भरली.

"चालते तं मस्त," ते हळूच म्हणाले. मग उठले. "पण ताईले विचारा लागन."

कुसुमताई आता ऐंशीच्या आहेत. त्या गहू निवडत होत्या. साहिलने आधी शिव्यांची बाजू लावली. त्यांनी मान तिरकी करून स्वतःचा आवाज ऐकला.

"लय दम होता गा माह्यात," त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्ही पुसली होती ना?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"पुसली ना. पण पहिले ऐकून पाहिली. तू माह्याबद्दल काय बोलला, ते कळलं पाहिजे. तं नुसतं किर्र किर्र. माझं नाव कुठंच नाही. म्हटलं ह्या बाजूले काही नाही, त्या बाजूले असन. त्या बाजूनं पुसली, तुले शिव्या देत देत. मग भंगारात दिली."

"त्या बाजूला काय ऐकू आलं होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हटलं हळू बोलला असन."

साहिलला हसू आवरेना. हेमराजभाऊ हसले नाहीत. "ताई, हे लोक कॉलेजात दाखवाले मागून राहिले. तुम्ही नाही म्हणाल तं आत्ता पुसतो."

"पहिले पाहू तं दे."

साहिलने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. कळा दाखवल्या.

"ही 'के' कोण?"

"तुम्ही."

"अन् मी चालवू कोणाले?"

"बाकीच्यातल्या कोणाले बी."

"मग मले कोण चालवते?"

"कॉम्प्युटर चालवते, ताई."

"म्हणजे मी आपोआप जाते अन् पाईप लावते. बिना कारणाची." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "माह्यं घंगाळ कुठं आहे?"

मला समजलं नाही. ते पाहून त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्या घरी सूत रंगवत होते, पोरा. रंगातून काढलं की लगेच घंगाळभर पाण्यात धुवा लागते. पाणी नाही भेटलं तं डाग पडते, सारं सूत वाया जाते. बादलीनं काय होते त्याचं?" मग त्या पुन्हा हेमराजभाऊंकडे वळल्या. "तू विणकराचा पोरगा. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग दाखवलं काहून नाही?"

"जागा नव्हती ताई. त्या मशीनमध्ये लय कमी मावे."

"पाईप काढाले जागा होती," कुसुमताई म्हणाल्या. "घंगाळ काढाले नव्हती."

हेमराजभाऊ जमिनीकडे पाहत होते.

"हा जाळ," त्या म्हणाल्या. "बडग्या आहे, जळालाच पाहिजे. दाखवाचाच असन तं दुसरा कर. घंगाळवाला. अन् त्यात मले मी चालवीन."

"आजी, दुसरा केला तर तो आजचा होईल," साहिल काकुळतीला आला. "त्यांना जुनाच पाहिजे."

"मग नको देऊ त्यायले."

साहिलने माझ्याकडे पाहिलं. मलाही ओरडावंसं वाटत होतं. पण हेमराजभाऊंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कुठे ठेवलाय, मोबाइलमध्ये आहे का, सगळं विचारून घेतलं आणि सगळीकडचा पुसला. कॅसेट साहिलच्या टेपमध्ये उलटी, गेमच्या बाजूने घातली. रेकॉर्डचं बटण कुसुमताईंनी दाबलं. फीत फिरत राहिली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तेवढा तिच्यात गेला असेल.

जुना गेमच उरला नाही म्हटल्यावर कॉलेजवाल्यांनी नकार कळवला. साहिल काही दिवस माझ्याशीही बोलला नाही.

हेमराजभाऊंनीच त्याला बोलावून घेतलं. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग त्यांना स्वतःच्या मुलीच्या लॅपटॉपवर हवं होतं. मग ते पाठीत वाकून बसायला लागले. तीच जुनी भाषा, तेच चौकोन, आठवून आठवून.

"आता जागा भरपूर आहे, भाऊ," मी म्हणालो. "नवीन भाषेत करा ना. घंगाळ मोठं काढता येईल."

"नाही. तेवढ्यातच बसवून पाहतो."

ते ओळी लिहायचे, खोडायचे. यंत्राने जागा संपल्याचं सांगितलं की कुठलीतरी दुसरी ओळ आखूड करायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढी काटकसर कशासाठी, हेही कळत नव्हतं. पण रोज जाऊन बघत होतो.

एका दुपारी त्यांनी हात कळांवरून काढून घेतले. पडद्यावर नळ होता, पाईप होता. बाजूला जांभळं घंगाळ होतं.

"बसलं गा," ते म्हणाले. "तेव्हाही बसलं असतं."



ते लॅपटॉप तसाच उघडा धरून गल्ली ओलांडून गेले. मी मागे. कुसुमताई दारात पाय पसरून बसल्या होत्या.

"ताई, जागा होती."

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. पाय आखडून घेतले, पदराला हात पुसले. "आण इकडं. कोणत्या बटणानं चालते मी?"

हेमराजभाऊंनी दाखवलं.

"हं. सोड नळ."