रडला की सोडायचा

मामाच्या शोकसभेत हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर म्हणाले, "या माणसाने आयुष्यात मुंगीलाही दुखावलं नाही." मुंगीचं मला माहीत नाही. पण माझ्या मामाने आमच्या लॉन्ड्रीत, भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाचा जीव घेतला, त्यापायी तुरुंग भोगला, आणि हे त्या सभेतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माना डोलत होत्या. मेलेल्या माणसाला लोक असं काही घासूनपुसून लख्ख करतात की सख्ख्या बहिणीलाही तो ओळखू येऊ नये. ती सख्खी बहीण, म्हणजे माझी आई, माझ्या शेजारीच बसली होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हा कुणाबद्दल बोलतोय गं?"

म्हणून आता मीच सांगते. मामाने शेकडो माणसं वाचवली हे खरं, पण तो शांत नव्हता. इतका संतापी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माझा स्वतःचा स्वभाव काही साखरेचा नाही.

फौजेतून परत आला तेव्हा मामा आमच्याकडेच राहायला आला. खाली आईची लॉन्ड्री, वर आमच्या खोल्या. त्यातली मागची त्याला दिली. पहिल्याच आठवड्यात त्याने तिचं दार लाथ मारून फोडलं. कडी अडकली होती, एवढंच कारण. आईने सुतार बोलावला, आणि मामाला म्हणाली, "अरे, दार उघडायला हात दिलेत देवाने." मामा खाली मान घालून सुताराला खिळे देत बसला.

लढाईत तो बंदूक चालवणाऱ्यांतला नव्हता, जखमी उचलणाऱ्यांतला होता. उचलून आणलेल्याला डॉक्टर तंबूत कापायचे, आणि भुलीचं औषध संपलं की त्या माणसाला धरून ठेवायचं काम मामाचं. मागून दोन्ही हातांनी कवळ घालायची, आपलंच मनगट आपण पकडायचं, हनुवटी त्याच्या खांद्यात रुतवायची म्हणजे त्याच्या डोक्याने आपलं नाक फुटत नाही, आणि कानात सांगत राहायचं, श्वास घे, सोड, घे, सोड. पाय कापताना एका जवानाने मामाच्या दंडाचा लचका तोडला होता. तो खड्डा शेवटपर्यंत दिसायचा. मामाने त्या तंबूत एक गोष्ट पाहिली होती आणि ती त्याने देववाक्यासारखी धरली होती. जो रडायचा तो जगायचा. जो दात आवळून गप्प राहायचा तो हातातच गार व्हायचा. त्यामुळे धरलेला माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला की मामा समजायचा, सुटला हा, आता सोडायला हरकत नाही.

फौज सुटली पण ही कवळ सुटली नाही. मामा हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवायचा. कुठे गाडी उलटली, कुठे कारखान्यात कुणाचा हात मशिनीत गेला, की मामा आधी पोचायचा आणि बाकीचे मागून. एकदा उलटलेल्या बसमधून तो माणसं ओढत होता आणि एक जण बाजूला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. मामाने त्याचा मोबाइल घेऊन रस्त्यावर आपटला, मग त्याच्या कानाखाली आवाज काढला, आणि मग त्यालाच स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायला लावलं. तो बिचारा संध्याकाळपर्यंत रडत रडत माणसं उचलत होता. मामाचे शर्ट रोज रक्ताने माखून यायचे. ते आई धुवायची. गार पाणी आणि मीठ. गरम पाणी पडलं की रक्त कापडात बसतं ते बसतंच, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

गल्लीत कुठे मारामारी लागली की पोलिसांच्या आधी मामाला हाक जायची. अशा वेळी तो कधी कुणाला मारायचा नाही. मागून यायचा, कवळ घालायचा, भिंतीला पाठ लावून त्या माणसासकट खाली बसायचा, आणि कानात सुरू, श्वास घे, सोड. माणूस शिव्या घालायचा, लाथा झाडायचा, थुंकायचा. मग दमायचा, मग रडायचा. रडला की मामा सोडायचा, पाणी पाजायचा आणि घरी पोचवायचा. हा नियम सगळ्या गल्लीला पाठ झाला होता. चौकातला सलूनवाला पिऊन तमाशा करत असला आणि मामा नुसता लांबून दिसला तरी गळा काढायचा. आम्ही हसायचो. मामाही हसायचा. त्या नियमात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या लॉन्ड्रीत एक बाई रफूचं काम करायची. तिला सगळे रफूवालीच म्हणत. कोटाला पडलेलं सिगारेटचं भोक ती असं बुजवायची की मालकाला जागा सापडू नये. तिचा नवरा वेल्डर होता, समोरच्या गल्लीत ग्रील आणि गेट बनवायचा. चांगला कारागीर आणि बायकोला मारण्यातही तेवढाच. उघड्या जागी कधी मारायचा नाही. रफूवालीने बाही कोपराच्या वर सरकवली की कळायचं.

एकदा मात्र तो भररस्त्यात तिच्या अंगावर धावून गेला. मामा अँब्युलन्स धूत होता. पाइप टाकून धावला आणि त्याला कवळ घातली. वेल्डर दांडगा होता, त्याने मामाला दोनदा भिंतीवर आपटलं, पण मनगट सुटलं नाही. आणि मग तो रडला. काय रडला म्हणून सांगू! आईची आठवण काढली, देवाची शपथ घेतली, बायकोचे पाय धरतो म्हणाला. मामाने सोडलं. त्याने खरंच पाय धरले. लोक म्हणाले, बघा, फौजीने माणूस बदलला.

त्याच संध्याकाळी त्याने घरात दार लावून घेतलं आणि हातोडीने रफूवालीचा जबडा फोडला.

तिला हॉस्पिटलात नेणारी अँब्युलन्स मामाचीच. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत काचा होत्या. गाडीचा आरसा त्याने बुक्की मारून फोडला होता. आई चिमट्याने काचा काढत होती आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "ताई, तो रडला होता गं."

"अरे, रडायला काय लागतं?" आई म्हणाली. "मी कांदा चिरताना रडते. त्याला कळलंय, रडलं की तू सोडतोस. तूच शिकवलंस त्याला."

आई तोंडाने फटकळ, पण तिने इतकं खरं बोलू नये असं मला तेव्हा वाटलं.

पोलिसांनी वेल्डरला नेलं आणि थोड्याच दिवसांत तो सुटून आला. रफूवाली हॉस्पिटलातून थेट आमच्याकडे आली. माहेर उरलं नव्हतं. जबडा तारांनी बांधलेला, तोंड पुरतं उघडायचं नाही, दातांच्या फटीतून बोलायची. वरच्या खोलीत आईजवळ झोपायची, दिवसा खाली माझ्या इस्त्रीच्या टेबलामागे बसून सुई चालवायची. वेल्डरने निरोप धाडला होता की घरी आली नाही तर या वेळी जबड्यावर थांबणार नाही. तो येणार हे आम्हाला माहीत होतं. फक्त कधी ते माहीत नव्हतं.

आला तो जेवणाच्या वेळेला. हातात लोखंडी सळई. आई काउंटरवर होती, ती आडवी आली. त्याने तिच्या खांद्यावर सळई घातली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी गरम इस्त्री उचलून फेकली. ती त्याच्या छातीवर लागून खाली पडली, पण तो थांबला नाही. रफूवाली कपड्यांच्या गाठोड्यांमागे सरकली होती. त्याने तिचे केस धरून ओढलं, सळई वर केली, आणि मागून मामाने त्याला कवळ घातली. मामा वर जेवत होता. त्याच्या बोटांना अजून भात चिकटलेला होता.

सळई फिरली ती मामाच्या गुडघ्यावर बसली. दोघे एकदम खाली आले. हँगरची रांग अंगावर कोसळली. वेल्डरने डोकं मागे झटकलं, मामाची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मामा कानात काही बोलत नव्हता. तेच मला पहिल्यांदा जाणवलं. श्वास घे नाही, सोड नाही, काहीच नाही. कवळ वर सरकली होती. मामाचा हात त्या माणसाच्या हनुवटीखाली होता.

मग वेल्डर रडायला लागला. "सोडा... दादा, सोडा... चुकलो..." डोळ्यांतून, नाकातून पाणी. या वेळी ते खरं होतं असं मला आजही वाटतं. मामाने डोळे मिटून घेतले आणि मनगट आणखी आवळलं. बूट फरशीवर आपटत राहिले, एक बूट निघून माझ्या पायाशी आला. खाली पडलेल्या इस्त्रीने कुणाचीतरी चादर जळत होती, तिचा धूर झाला होता. मी प्लग काढला. मामाला थांबवलं नाही. मला त्याला थांबवायचं नव्हतं, आणि याचा मला आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही.

पाय थांबले तेव्हा मामाने डोळे उघडले. हातातलं डोकं एका बाजूला कललं तसा तो दचकला. "अरे," म्हणाला, "अरे, अरे, अरे." आणि एका क्षणात तो तंबूतला माणूस झाला. वेल्डरला सरळ उताणा निजवला, मान मागे केली, तोंडाला तोंड लावून हवा भरली, छातीवर तळहात ठेवून दाबायला लागला. भुवईचं रक्त त्या माणसाच्या तोंडावर ठिबकत होतं. मधेच थांबून गळ्याशी बोटं लावायचा आणि परत दाबायचा. "घे," तो ओरडत होता, "श्वास घे, हरामखोरा, घे!" मोडलेला खांदा धरून आई भिंतीशी बसली होती.

मामाने परत गळ्याशी बोटं लावली, आणि त्याचा चेहरा उजळला. अगदी तस्साच, जसा अपघातातून जिवंत माणूस आणला की उजळायचा. "आहे," तो म्हणाला. "बारीक आहे, पण आहे. येतोय परत."

रफूवाली गाठोड्यांमागून गुडघ्यांवर सरकत आली. तिने मामाच्या हातांवर आपले हात ठेवले. तारांनी बांधलेल्या जबड्यातून शब्द अर्धेच येत होते, पण आम्हा सगळ्यांना नीट कळले.

"दादा, तो उठला तर?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुजलेल्या गालाकडे, तारांकडे. मग त्याने हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले, आणि तसाच बसून राहिला, त्या माणसाच्या छातीकडे बघत, ती हलायची थांबेपर्यंत.

"पोलिसांना बोलाव," मग तो मला म्हणाला. "आणि पाहिलंस ते सगळं सांग. मी हात काढले तेसुद्धा."