हद्दीपलीकडची रेंज

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या धाराशिवात नळाला पाणी येणं म्हणजे घरात सणच. मी पाईप धरला आणि हिनं बॅरलच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. भरता भरता पाईप निसटला आणि माझी वर्दी भिजली, तर म्हणते कशी, "चोर धरायला जमतंय, पाईप धरायला जमंना व्हय?" मी म्हणालो, "चोर एवढा हिसका मारत न्हाई." ती हसली. बॅरल भरला, हंडे भरले, चहा घेतला आणि मी ड्युटीला गेलो. दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, त्यातले निम्मे विसरलो. ही एका फोनची केस मात्र डोक्यातून जात नाही.

मी शिकलेला माणूस नाही. दहावीला आपटलो, त्या काळी तेवढ्यावर शिपाई होता यायचं. पुढं हवालदार झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय पंचनाम्यापुरती. तेव्हा हे पंचनाम्यासारखंच वाचावं. नाव कुणाचं घालणार नाही.

जिल्ह्यात तेव्हा आंदोलन पेटलं होतं. रस्ते अडवले, एसटी अडवल्या, एके ठिकाणी दगड आले आणि आमच्या लोकांनी लाठी चालवली. दुपारी वरून हुकूम निघाला की अख्ख्या जिल्ह्यात इंटरनेट बंद. साधा फोन चालू, नेट तेवढं बंद. जोडीला जमावबंदी. मला सोलापूर रस्त्याला तामलवाडीकडच्या नाक्यावर लावलं. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात.

नेटबंदी कशासाठी, तर अफवा पसरू नयेत म्हणून. हे मी नाकारत नाही. एका खोट्या फोटोवरून दोन आळ्या एकमेकांच्या अंगावर गेलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत. पण दुसऱ्याच दिवशी लाठीचा व्हिडिओ मुंबईच्या चॅनेलवर दिसायला लागला. साहेब तापले. "नेट बंद आहे तर गेला कसा? पाठवणारा उद्यापर्यंत माझ्यासमोर पाहिजे." तपास माझ्या गळ्यात पडला. त्या उद्याचे चार दिवस झाले तरी हाताला काही लागेना.

खबर दिली नाक्यावरच्या पानटपरीवाल्यानं. मला पान लावून देत म्हणाला, "जमादार, तुमी इथं रस्ता बघायलाव, आन तिकडं माळावर रोज दिवस मावळताना जत्रा भरायलीय."

"कसली जत्रा?"

"देव न्हाई, देऊळ न्हाई, तरी जत्रा. तिथं सोलापूरची रेंज गावती."

तेव्हा उजेड पडला. माळ आपल्या जिल्ह्याचा, पण पलीकडच्या उतारापासून सोलापूर जिल्हा लागतो. तिकडं नेट चालू. हुकूम हद्दीवर थांबतो, टॉवरला हद्द कळत नाही.

सांजच्याला जीप घेऊन गेलो. माळावर चाळीसेक माणसं. कुणी फोन वर धरलाय, कुणी दगडावर चढलाय, एक गडी तर बाभळीच्या फांदीवर. जीप दिसली तशी सगळी पांगली. बाभळीवरचा खाली पडला आणि लंगडत पळाला. एक म्हातारा तेवढा जागचा हलला नाही. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, फोन कानाला लावलेला.

"आप्पा, सगळी पळाली. तुमी न्हाई पळाला?"

"गुडघं पळू देत न्हाईत. आन म्या काय केलंय पळायला?"

"फोन द्या."

"थांबा जरा. पोरगी बोलायलीय." शेवटपर्यंत ऐकलं, मग फोन छातीशी धरला. "मला न्या जमादार. म्या येतो. ह्यो न्हाई मिळायचा."

फोन घेतलाच. घ्यावाच लागतो. तो जप्त करताना म्हाताऱ्याच्या बोटांतून सोडवावा लागला, हे पंचनाम्यात कुठं लिहीत नाहीत.

ठाण्यात फोन उघडला. लाठीचा व्हिडिओ त्यात होता. शिवाय रोज संध्याकाळी एका परदेशी नंबरला काहीतरी जात होतं. ही गोष्ट वर कळवली आणि तिकडून फोनवर फोन. परदेशी नंबर म्हटल्यावर मोठ्या साहेबांची झोप उडते. "नीट विचारा, मागं कोण आहे ते काढा."

मी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ह्यो नंबर कुणाचा?"

"पोरीचा. मस्कतला हाय. एका घरात म्हातारी माणसं सांभाळती."

"रोज तिला काय पाठवता?"

"तिची आई."

"म्हंजे?"

"आवो, आईचं बोलणं. खुब्याचं हाड मोडल्यापासनं हिचं अंथरूण सुटलं न्हाई. साधा फोन मस्कतला परवडंना, आन माळ चढती व्हय ती? म्या सकाळी हिचं बोलणं फोनात भरून घेतो, सांजचं वर जाऊन सोडतो. पोरीचं आलेलं घेऊन खाली येतो, हिच्या उशाला लावतो. पोस्टमन झालोय म्हातारपणी."

"आन लाठीचा व्हिडिओ?"

"आला आसंल गावच्या ग्रुपवर. म्हशी इकायच्या येतेत, लग्नाच्या पत्रिका येतेत, तसाच त्यो. म्या उघडला बी न्हाई."

"आंदोलनात कोण ओळखीचं हाय?"

"सगळंच गाव हाय. म्या न्हाई. हिला पाणी कोण पाजंल?"

एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस सारखं स्वतःचं विचारतो. मला कधी सोडणार, माझं काय होणार. हा म्हातारा एकदाही सुटकेचं बोलला नाही. दर थोड्या वेळानं टेबलावरच्या फोनकडं बघायचा आणि म्हणायचा, "चार्जिंग संपंल त्याचं."

मग पाठवला कुणी? चॅनेलवरचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. कायद्याची कलमं मला पुस्तक बघून सांगावी लागतात, पण एसटी मला पाठ आहे. चित्राच्या खालच्या कडेला दोन आडव्या काळ्या पट्ट्या दिसत होत्या. माणसांची डोकी वरून दिसत होती. आणि सगळं चित्र बारीक थरथरत होतं, जागेवर चालू ठेवलेली गाडी थरथरते तसं. त्या पट्ट्या एसटीच्या खिडकीचे गज होते. अडवलेल्या बसमधून कुणीतरी शूटिंग केलं होतं.

त्या बसच्या कंडक्टरला बोलावून घेतलं. तोंडात तंबाखू, जिवाला घाई नाही.

"कुणी केलं शूटिंग?"

"कुणी न्हाई केलं ते इचारा साहेब. अख्खी गाडी खिडक्यांना लागली व्हती. ड्रायव्हर सोडून. त्यानं बी केलं आसंल, माझी पाठ व्हती तिकडं."

"मंग पाठवलं कुणी?"

"आता तुमी रस्ता मोकळा केलाव, आमी निघालो. सोलापूरच्या हद्दीत शिरलो तशी सगळ्या गाडीत टिंग टिंग सुरू झालं. स्टँडवर उतरताना सगळ्यांच्याच माना खाली. कुणाकुणाला धरताव?"

मला हसू आलं. कंडक्टरलाही आलं. नेट आम्ही बंद केलं, व्हिडिओ तिकीट काढून गेला.

रिपोर्ट दिला. साहेबांनी वाचून तो फाईलखाली सरकवला. मग म्हणाले, "बसचं बघू. म्हाताऱ्यावर आदेशभंगाची केस राहू द्या. माळावर सापडलाय ना? फोन मुद्देमालात ठेवा." वर काहीतरी दाखवावं लागतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

म्हाताऱ्याला नोटीस देऊन सोडला. दारात थांबून म्हणाला, "आन फोन?"

"कोर्टातनं मिळंल. अर्ज करा."

"तवर हिला काय सांगू?"

"नेट बंद हाय म्हणा."

"ते तिला कळत न्हाई वो. रोज आवाज येत व्हता, आता येईना. पोरीचं काय तरी बरंवाईट झालंय आन म्या लपवायलोय, आसं म्हणंल. आत्ताच धड खाईना झालीय."

"दुसऱ्याच्या फोनवरनं लावा."

"नंबर त्यातच हाय. पाठ कुणाला? तिच्याकडं बी माझाच येवढा."

तो गेला, मी नाक्यावर परतलो. नंबर माझ्या कागदात होता, पण लिहून द्यायचं मला सुचलं नाही. त्याच दुपारी माझ्या शेजाऱ्याचा फोन आला. "काका, घरी या. काकी उठनात."

नाक्यावरून घरापर्यंत कसा आलो ते आठवत नाही. अंगणात माणसं दिसली आणि आत जायच्या आधीच कळलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. अग्नी मीच दिला. डोकं मीच भादरून घेतलं.

पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेले. त्यातच कधीतरी जिल्ह्याचं नेट चालू झालं, मला पत्ता नाही. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. संध्याकाळी घरात मी एकटा. इतकी शांतता की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. पिठाच्या डब्यामागं हिचा फोन सापडला, बंद पडलेला. कशाला चार्जिंगला लावला, सांगता येत नाही. फोन मेलेला बघवला नाही, एवढंच.

तो सुरू झाला आणि थोड्या वेळानं माझ्या खिशातला फोन वाजला. बघितलं तर हिचं नाव. मी तसाच भिंतीला टेकलो. मग आणखी एक मेसेज, आणखी एक.

हिला लिहिता येत नव्हतं. मी बंदोबस्तावर असलो की फोन करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं ती मोबाईलात बोलून पाठवायची आणि मी सवड मिळाली की ऐकायचो. नेट बंद आहे म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली रोज बोलत राहिली होती. सगळं तिच्या फोनातच अडकलं होतं. आता निघालं.

"आवो, जेवला का? का वडापाववरच हाय?"

"वरच्या काकूनं धपाटं दिलं. तुमच्यासाठी ठिवलं व्हतं, पण आज बी आला न्हाईत, म्या खाल्लं."

"तुमची निळी खूण काय हुईना. रागावला व्हय? साहेब झालाव लई मोठं."

मग एक जरा बारीक आवाजातला. "छातीत जळजळायलंय सकाळपासनं. ओवा खाल्लाय. तुमी जिवाला लावून घिऊ नका."

आणि शेवटचा. "बरं, कामात आसाल. ऐका सवडीनं."

ऐकले. उजेड गेला, दिवा लावला नाही, परत पहिल्यापासून ऐकले.

नेट असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. साधा फोन चालू होता. तिनं केला नाही. मी ऐकलं असतं तरी ओव्याचं नाव ऐकून पित्त समजलो असतो. हुकूम काढणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, आणि पाळणारा तर मीच होतो. पण त्या संध्याकाळी मला एक गोष्ट नीट कळली, जी इतकी वर्षं वर्दीत राहून कळली नव्हती. लोकांचं बोलणं बंद करताना आपल्या डोळ्यांपुढं दगड मारणारा असतो. दगड मारणाऱ्याचं काही अडलं नाही, तो बसनं गेला. अडकलं ते धपाट्याचं बोलणं. आणि ते अडकलंय हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही, कारण अशा गोष्टीची फिर्याद कुणी देत नाही.

मग म्हातारा आठवला. त्याची बायको अजून वाट बघत असेल, हे अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा शिल्लक असताना वर्दी घातली आणि तुळजापूरच्या कोर्टात गेलो. म्हाताऱ्याचा अर्ज कधीचा पडला होता. पोलिसांचं म्हणणं यायचं बाकी, आणि म्हणणं देणारा मी, रजेवर. म्हातारा कोर्टाबाहेर पायरीवर बसलेला. त्या दिवशी तारीख नव्हती, तरी रोज येऊन बसायचा, असं शिपाई म्हणाला.

मी म्हणणं लिहिलं, फोन परत देण्यास हरकत नाही. सरकारी वकील म्हणाले, "अहो, मोबाईलची तपासणी व्हायची आहे ना अजून?"

"झाली साहेब. मी केली."

हुकूम मिळाला. जामीनकीच्या कागदावर म्हाताऱ्यानं अंगठा दिला. ठाण्यात जाऊन मुद्देमालातून पाकीट काढलं, लाख फोडली, फोन त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघितलं.

"घरात कोण?"

"बायको."

मी त्याला मोटारसायकलवर मागं घेतलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो गाव येईपर्यंत काढला नाही. गुडघ्यामुळं ठेवला असेल.

म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. ताटलीत भाकरी तशीच. म्हातारा म्हणाला, "आगं, ऊठ. फोन आणलाय."

"नगं. खोटं नगं सांगू मला."

चार्जरची वायर पलंगापर्यंत पुरत नव्हती. मी पलंग ओढून भिंतीजवळ घेतला. फोन सुरू झाला, म्हाताऱ्यानं पोरीचा नंबर लावला, व्हिडिओवर. बराच वेळ वाजला. मग पलीकडं एक बाईमाणूस दिसलं, डोक्याला रुमाल, हात पिठाचे.

"कुठं मेली व्हतीस गं?" म्हातारी ओरडली.

"मी मेले व्हते? तुमचाच फोन लागंना, मी रोज लावायले..."

"वाळलीस की! काय करून ठिवलंस सोताचं..."

मी टोपी घातली आणि बाहेर आलो. आत दोघी एकदमच बोलत होत्या. कोण कुणाचं ऐकत होतं, देव जाणे.