राख्यांचं काम पोरं यायच्या आत

मानपाड्याला आमच्या चाळीत राख्यांचं काम भीमाबाई वाटतात. कारखान्यातून मणी-दोरे आणून त्या घरोघरी देतात आणि तयार माल पोचवतात.

यंदा माझ्या शेजारच्या करुणाला शाळेतून निरोप आला की तिची मुलगी प्रियांका वर्गात झोपते, अशाने नववीत जाणं कठीण आहे. पोरगी रात्री जागून आईला मणी ओवून देत होती.

भीमाबाईंनी लगेच नियम केला की पोरं शाळेतून यायच्या आत सगळं सामान त्यांच्याकडे परत द्यायचं.

करुणा चिडली. "आईला मदत केली तर बिघडलं कुठे? घर कसं चालवू मी?"

"माझी शाळा चौथीत सुटली ती अशाच मदतीपायी," भीमाबाई म्हणाल्या. "तू दुपारी माझ्याकडे ये. तुझ्या राख्या दोघी मिळून करू."

आता दोघी रोज एकत्र बसतात. राख्या थोड्या कमीच होतात, करुणा कुरकुरतेही.

काल मी देवापुढे दिवा लावत होते, तेव्हा भिंतीपलीकडून प्रियांकाचा आवाज आला, "आई, या गणितापेक्षा राख्या बऱ्या होत्या गं."

"गप बस," करुणा म्हणाली, "आणि पुढचं गणित काढ."