अक्कांचं रोटाचं दळण

सकाळी पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला असेल तर, "पिशवी बदलली होती का रे?" विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण तो शांतपणे म्हणाला, "तिनंच बदलली. अंघोळ केली, चहा मागितला, आणि कप हातात घेतला तेवढंच..." मग मात्र मी रडले. स्वतःचं सगळं स्वतः आवरून, हृदयाच्या एका झटक्यात, कुणाच्या हाताची वाट न बघता जाणं हे फक्त अक्कांना, माझ्या थोरल्या जावेलाच जमलं असतं. त्याला आता दीड महिना झाला.

आमचं गाव नशिराबादच्या पुढे. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का घरातल्या कर्त्या सूनबाई होत्या आणि मी जळगावात नोकरी करणारी शिकलेली, म्हणजे त्यांच्या मते निम्मी निकामी. आमचं पटायचं आणि भांडणही व्हायचं. माझ्या मुली मात्र त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढल्या. अक्कांना शौचावाटे रक्त पडू लागलं, तेव्हा वर्षभर त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी, त्यात मीही आले, मूळव्याध ठरवून टाकली. ताक पाजलं, सुरण खाऊ घातला. दुर्बीण घालून तपासायला जळगावला नेईपर्यंत गाठ चांगलीच वाढली होती. गुदाशयाचा कॅन्सर. आधी किरणांचे शेक आणि औषधं, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ अगदी खाली आहे, शौचाची नेहमीची वाट बंद करावी लागेल, पोटावर नवी वाट काढू आणि तिथं पिशवी कायमची राहील. अक्कांनी एकच विचारलं, "मंग मी काम करी सकसू ना?" डॉक्टर हो म्हणाले, आणि त्यांनी अंगठा नाही, सही केली. सही त्यांना मीच शिकवली होती, हे इथं सांगून घेते.

ऑपरेशन नीट झालं. बिघडवलं ते मी. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. तिच्या नैवेद्याचं, म्हणजे रोटाचं दळण घरातल्या थोरल्या सुनेनं सोवळ्यानं जात्यावर दळायचं, ही आमच्या भाऊबंदकीची रीत. गिरणी गल्लीत आली तरी अक्कांनी जातं सोडलं नव्हतं. त्या वर्षी, पिशवी लावलेल्या बाईचं सोवळं कसलं, अशी बायकांची कुजबुज सुरू झाली तशी मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "अक्का, यंदा तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी दळते." मला वाटलं, मी मायेनं बोलले. खरं सांगायचं तर मलाही त्या पिशवीची शिसारी होती. दळणाच्या दिवशी न्हाऊन, धुवट नेसून अक्का सरळ जात्यापाशी बसल्या, दोन फेरे ओढले आणि जागच्या जागी कोसळल्या.

दवाखान्यात सलाईन लागली तेव्हा कळलं की बाईंनी चार दिवस अन्न सोडलं होतं. पाणीसुद्धा घोटभर. पोटात काही गेलंच नाही तर पिशवी रिकामी राहील, आणि रिकाम्या पिशवीला कोण नावं ठेवणार! डॉक्टर चिडले. "अहो, उपाशी राहून जखम भरते का? पिशवी भरतेय म्हणजे पोट चालतंय, आनंद माना." मी पायाशी उभी होते. माझ्या एका वाक्यानं ही बाई चार दिवस उपाशी राहिली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "पुढना सालले मीच दयसू. जेवीसन दयसू."

ते वर्ष त्यांनी जिद्दीनं काढलं. रोज शेताच्या बांधापर्यंत चालणं. आधी मऊ भात, मग हळूहळू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. काय खाल्ल्यावर वायू धरतो आणि किती वेळानं पिशवी भरते, याचा त्यांना डॉक्टरांपेक्षा नेमका अंदाज आला. पिशवी बदलायला मलाही शिकायला लावलं. पहिल्यांदा मी नाकाला पदर लावला तर म्हणाल्या, "तुना पोरीस्ना लंगोट मी धोयात. तवय मी नाक धरं व्हतं का?" मी गुपचूप हात धुतले आणि शिकले.

पुढच्या श्रावणात त्या पोटभर जेवून जात्यापाशी आल्या. आमच्या चुलत सासूबाई, नानी, दारातच बसल्या होत्या. "पिशवी लाईसन देवनं दयन?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. अक्कांनी पदर खोचला. "नानी, पिशवी मना पोटले शे, हातले नई. आनि तिनामा जे शे ते सर्वास्ना पोटमा शे. मनं फक्त दिखास." कुणीतरी फिसकन हसलं. नानींनी गव्हाचं सूप अक्कांकडे सरकवलं. अक्कांनी पूर्ण दळण दळलं. मी समोर बसून खुंट्याला हात लावला तो फक्त त्यांनी सांगितलं तेव्हाच.

त्यानंतर सहा वर्षं त्या जगल्या, आणि घरात कमीच राहिल्या. शिरपूरकडची एक बाई पिशवीच्या धास्तीनं ऑपरेशनला नाही म्हणतेय, हे त्यांच्या कानावर आलं. अक्का एसटीनं धुळ्याच्या दवाखान्यात गेल्या, तिच्या खाटेवर बसल्या आणि पदर बाजूला करून तिला पिशवी दाखवली. ती बाई तयार झाली. मग दवाखान्यातल्या सिस्टर अशा बायकांना अक्कांचा नंबर देऊ लागल्या.

पुतण्यानं त्यांचा मोबाईल माझ्याकडे आणून दिला. "तुम्हीच ठेवा काकू, मला नाही बोलता येत." परवा दुपारी तो वाजला. चाळीसगावकडून कुणी तरुण सून बोलत होती. ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. "अक्का शेतस का? मनी सासू म्हनस, आते देवघरमा पाय ठेवू नको..." अक्का गेल्याचं मी तेव्हा सांगितलं नाही. मी म्हणाले, "मी त्यास्नी धाकली जाऊ. तुम्ही आज जेवनात का?"

ती हळूच म्हणाली, "नई. कालदिन बी नई."

"पहिले जेवी ल्या. मंग देवघरनं बोलूत. मी फोन धरीसन बसस."

ताट घेतल्याचा आवाज आला तरी मी फोन ठेवला नाही. तिचं जेवण होईपर्यंत बसून राहिले.