लवंगेच्या तेलाचं सिमेंट

बावीस वर्षं माझ्या दवाखान्यात दातांचं सिमेंट घोटणाऱ्या बाईला पेशंट घोटूताईच म्हणतात. काचेच्या गार पट्टीवर पावडर आणि द्रव घ्यायचा, पावडर थोडी थोडी ओढायची, दाबून घोटायची. गोळा दाट झाला तरच दाढेत टिकतो. हे शिकवलं मी, पुढे तीच मला ऐकवायला लागली, "बाई, पातळ झालंय, टाका ते."

यंदा सून दवाखाना बघू लागली. हुशार आहे, पण घाई फार. "आई, आता सिमेंटच्या तयार कॅप्सूल मिळतात. यंत्र दहा सेकंदांत हलवून देतं. घोटायला माणूस कशाला?" महिनाअखेरीला घोटूताईला कमी करायचं ठरलं. मी भांडले, पण खुर्ची आता तिची. घोटूताईच्या कानावर गेलंच. चेहरा एवढासा करून ती पट्टी पुसत राहिली.

त्याच आठवड्यात एक बसड्रायव्हर आला. पंधरवड्यापूर्वी त्याची दाढ ठणकत होती, म्हणून मी लवंगेच्या तेलाचं सिमेंट भरलं होतं. ठणका निववायला ते उत्तम; पण त्यावर कायमच्या भरणाचं पांढरं रेझिन घातलं तर ते नीट घट्ट होत नाही, मऊ राहतं. कार्डावर मात्र मी नुसतं "तात्पुरतं" लिहून मोकळी झाले होते. चूक माझी.

सुनेने वरचा थर काढला, तळाचा ठेवला आणि रेझिनकडे हात नेला. सर्दीने तिचं नाक बंद होतं.

"मॅडम, थांबा. खाली लवंगेचं आहे, मीच घोटलंय."

"ताई, कार्डावर तसं काही नाही."

"कार्डाला वास येत नाही, मॅडम."

ड्रायव्हर उघड्या तोंडानेच खदखदला. सून लाल झाली, पण तिने तळ खरवडला, दाढ धुऊन कोरडी केली. "ताई, ग्लास आयोनोमर द्या."

हे सिमेंट दाताला आपणहून चिकटतं, फ्लोराइडही सोडतं. फक्त घट्ट होईपर्यंत थुंकी लागता कामा नये. घोटूताईने गोळा पुढे केला. "चकाकी आहे तोवर भरा. चकाकी गेली की चिकटत नाही."

सुनेने चकाकी जायच्या आत दाढ भरली.

संध्याकाळी ती म्हणाली, "आई, यंत्र येईल, पण ताई राहतील. आणि उद्यापासून कार्डंही त्याच लिहितील. तुमच्या भरवशावर नको."

आतल्या खोलीत घोटूताई हसली, ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं.