ऐकू येईल इतक्या जवळ

तिचं नाव मला माहीत नाही. भोरच्या दवाखान्यात ती समुपदेशन शिकायला आली होती. तिच्या वरच्या मॅडम कोपऱ्यात गप्प बसून ऐकत होत्या आणि ती पेनाचं टोपण सारखं काढत-लावत होती.

आमचं बाळ जन्मताच गेलं. त्यानंतर बायकोचं रडणं थांबेना, म्हणून आईला घेऊन आम्ही हिर्डोशीहून आलो होतो. मला वाटलं, पोरगी बायकोलाच प्रश्न विचारील. तिने विचारलं माझ्या आईला, "आजी, सूनबाई रडतात तेव्हा हे काय करतात?"

"ह्यो? उठतो आन् अंगणात जाऊन फटफटी धूत बसतो. धुतलेलीच पुन्ना धुतो."

मी मान खाली घातली. टोपणाची टकटक थांबली.

"म्हणजे हे लांब कुठं जात नाहीत," ती हळूच म्हणाली. "रडणं ऐकू येईल इतक्या जवळच राहतात." आणि बरोबर बोलले ना, अशा नजरेने तिने मॅडमकडे पाहिलं.

बायकोने मात्र तोंडावरचा पदर काढून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी!

परतताना एसटीत बायकोने विचारलं, "तुमाला खरंच आयकू यायचं?"

"समदं. पण आत येऊन काय बोलावं, ते सुचायचं न्हाई."

"बोलू नका. नुसतं येऊन बसत जावा."

पुढच्या खेपेला गेलो, तर शिक्षण संपवून ती पोरगी गेली होती. बायको अजून कधीमधी रडते. तेव्हा मी आत असतो.